टॉवेलाखालचा शब्द

हणमंत कोळेकर म्हणजे माणदेशातल्या बैलबाजारातले नावाजलेले दलाल. समोरचा माणूस 'बैल केवढ्याला' म्हणून तोंड उघडेपर्यंत त्यांनी त्याचं गाव, त्याची ऐपत आणि त्याच्या बायकोचा स्वभाव ताडलेला असायचा. बोलणं असं की भांडायला आलेला गडी चहा पाजून जायचा. अशा माणसाला झटका आला आणि नेमकं तोंडच गेलं. उजवं अंग लुळं पडलं, जीभ टाळूला चिकटून बसली, घशातून नुसती हवा यायला लागली. मान मात्र त्या दिवसापासून सारखी डावी-उजवी हलायची, सगळ्या जगाला नाही म्हणत असल्यासारखी. घरातले पुढे त्यावर थट्टाही करायला लागले. "तात्यांचं आपलं कायम नाहीच!" डोकं मात्र शाबूत होतं, आणि हीच खरी शिक्षा होती.

लिहून दाखवावं, तर शाळेशी तात्यांचं कधी जमलं नाही. सही यायची, आणि ती उजव्या हाताने. डाव्या हाताची बोटं तेवढी हलत होती.

मिरजेच्या दवाखान्यात त्यांच्या कानामागे, कातडीखाली, एक चकती बसवली. नाण्याएवढी. हल्ली अशी चकती बसवलेली माणसं तालुक्याला पाच-पन्नास तरी सापडतील. मेंदू जिभेला जो हुकूम सोडतो, तो जिभेपर्यंत पोचत नसला तरी सुटतो जरूर. चकती तो वाटेतच वाचते, त्याचे शब्द करते आणि गळ्यातल्या छोट्या स्पीकरमधून बोलून दाखवते. आवाजसुद्धा माणसाचा स्वतःचा. थोरल्या विलासच्या मोबाईलमध्ये बाजारातली तात्यांची ढीगभर चित्रणं होती. त्यावरून कंपनीने आवाज घडवला, बोलण्याची ढब घडवली. पहिल्यांदा स्पीकरमधून "विलास" अशी हाक आली तेव्हा सून पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

पण चकती हळू होती. मनात आलेला शब्द बाहेर पडायला दोन सेकंद तरी लागायची. दोन सेकंद म्हणजे काय मोठं, असं ज्याला वाटतं त्याने घरच्या जेवणात एकदा प्रत्येक वाक्याआधी तेवढं थांबून बघावं. विलासने शेजाऱ्याच्या म्हशीचा किस्सा सांगावा, सगळे हसावेत, बोलणं विजेच्या बिलावर जावं, आणि मग मध्येच तात्यांचा म्हशीवरचा विनोद येऊन पडावा. लोक ओशाळून हसायचे. पंधरवडाभराने तात्यांनी बोलणंच सोडलं. चकती बसवून घेतलेला माणूस भिंतीकडे बघत गप्प बसायला लागला.

धाकटी रेश्मा पुण्याला संगणकांच्या मोठ्या गोदामात, म्हणजे डेटा सेंटरमध्ये, नोकरीला होती. घरून काम करायची परवानगी काढून ती गावी आली. चार दिवस तिने बापाचं ते गप्प बसणं पाहिलं आणि पाचव्या दिवशी लॅपटॉप घेऊन सोप्यात त्यांच्या शेजारी बैठक मारली.

"तात्या, कंपनीनं चकतीला मुद्दाम दमानं चालवलंय," ती म्हणाली. "मी वेग वाढवू का?"

दोन सेकंद गेली. मान नेहमीसारखी हलत होती, पण डोळ्यांत जुनी चमक आली होती.

"वाढव."

हा होकार पुढे तिने मनातल्या मनात किती वेळा ऐकला, त्याला गणती नाही.

कॉलेजात असताना रेश्मा याच कामात पटाईत होती. कारखान्याने ठरवून दिलेल्या हद्दीपलीकडे संगणक पळवायचा, आणि तो कोलमडू द्यायचा नाही. त्यातलं तत्त्व साधं आहे. प्रोसेसर म्हणजे अब्जावधी बारीक खटके. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला त्यांनी उघडायचं, मिटायचं आणि पुढचा ठोका पडायच्या आत स्थिर व्हायचं. ठोके जलद केले की खटक्यांना स्थिर व्हायला सवड उरत नाही आणि ते चुकीच्या जागी सापडतात. मग त्यांना जोर यावा म्हणून दाब, म्हणजे व्होल्टेज, थोडा वाढवायचा. पण दाब जरासा वाढला तरी उष्णता भरमसाट वाढते. शिवाय गप्प बसलेल्या प्रोसेसरवर एकदम काम पडलं की दाब क्षणभर खचतो, तेवढी शिल्लक आधीच ठेवावी लागते. आणि एकाच साच्यातल्या दोन चकत्या सारख्या निघत नाहीत. एक सोसते, दुसरी सोसत नाही. म्हणून वेग एक पायरी चढवायचा, दाब केसभर वाढवायचा, मग चकतीला घाम फुटेपर्यंत कामाला लावून चुका होतात का ते बघायचं. चूक नाही झाली तर पुढची पायरी. चूक झाली तर मागे. याला चिकाटी लागते, आणि रेश्माची चिकाटी बापाकडूनच आलेली होती.

दुरुस्तीवाल्यांसाठी ठेवलेली मागची वाट तिने ओळखीतून मिळवली. कायदा एवढाच होता, की कुठलाही बदल करायचा तर रुग्णाने स्वतःच्या आवाजात होकार द्यायचा. तो ऐकल्याशिवाय चकती कुलूप उघडत नाही. ते बरोबरच होतं. दुसऱ्याच्या तोंडात कोणी परस्पर हात घालू नये.

उष्णतेचा प्रश्न तिने घरगुती रीतीने सोडवला. कानामागे ओलं फडकं. चकती फार तापली तर ती आपणहून वेग उतरवते, स्वतःला आणि कातडीला जाळून घ्यायचं नाही म्हणून. तसं होऊ नये म्हणून सून दर घटकेला फडकं बदलायची.

चाचणी घ्यायची तर बोलायला लावायचं. रेश्मा भराभर विचारायची, "तात्या, माझ्या आईचं माहेर?", "खिलार बैलाची पारख कशावरून?", "विलासदादा लहानपणी कुठल्या विहिरीत पडला होता?" उत्तरं यायची, बरोबर यायची, आणि दर पायरीला लवकर यायची. ती विचारायची, "वाढवू?" तात्या म्हणायचे, "वाढव." आधी दोन सेकंदांनी. मग एका. मग लगेच.

एका सकाळी विलासने दारातून विचारलं, "तात्या, च्या घेनार?"

"घेनार की! आन् साकर टाकताना हात जरा सैल सोड, सासऱ्याच्या बैलाला घालायची पेंड न्हाई ती!"

घरातले सगळे एकाच वेळी हसले. विलास खांबाला धरून हसत होता, हसता हसता रडत होता. रेश्मालाही हुंदका आवरेना. गेलेला बाप तिने स्वतःच्या हाताने, एका-एका पायरीने, ओढून परत आणला होता. या जगात याहून मोठं काय असतं, असं तिला त्या क्षणी वाटलं, आणि तसं वाटण्यात तिची काही चूकही नव्हती.

मग गाव लोटलं. ज्याला-त्याला तात्यांचं बोलणं ऐकायचं होतं. तात्या कोणाच्या टकलावर बोलत, कोणाच्या जावयावर. प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत उत्तर हजर. लोक म्हणत, पहिल्यापेक्षाही आता धार चढलीय. मान डावी-उजवी हलत राहायची, डावा हात मांडीवर पडल्या पडल्या बोटं मिटत-उघडत राहायची, पण बोलणाऱ्या माणसाच्या हाताकडे कोण बघतं?

उत्तर प्रश्नाच्याही आधी येतं, हे रेश्माच्या ध्यानात आलं होतं. तिने कंपनीची माहिती काढून वाचली. चकतीत एक सोय पहिल्यापासूनच होती, पण शक्ती पुरत नसल्याने ती झोपून होती. शक्ती शिल्लक उरली की चकती मेंदूतला हुकूम पुरा व्हायची वाट बघत नाही. हुकुमाची नुसती सुरुवात दिसली की माणसाच्या आजवरच्या बोलण्यावरून पुढचं ताडते आणि बोलून मोकळी होते. मागून खरा हुकूम येतो, तेव्हा तेच वाक्य दोनदा बोललं जाऊ नये म्हणून त्याला प्रतिध्वनी समजून गाळून टाकते. रेश्माला हे वाचून कौतुकच वाटलं. बाजारात तात्या तरी वेगळं काय करायचे? समोरच्याचं वाक्य त्याच्या आधी पुरं करायचे.

कंपनीतून एका बाईंचा फोन आला. बाई हुशार होत्या, गोड बोलत होत्या. चकती आपली खबरबात कंपनीला कळवत असते, त्यातून त्यांना हा वेग दिसला होता. रेश्माला वाटलं आता रागावणार. पण बाई म्हणाल्या, "आमच्याकडे इतकी स्थिर सेटिंग अजून कुणाला जमलेली नाही. तुमचे आकडे आम्ही वापरून बघितले तर चालतील—"

"हो, घ्या की!" रेश्मा म्हणाली. बाईंचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

हरण्या हा तात्यांचा शेवटचा खिलार. दलालाने दुसऱ्याचे बैल हजारांनी विकावेत, पण हा एक त्यांनी कधी बाजारात उभा केला नाही. झटका आल्यानंतर रोज संध्याकाळी विलास खुर्ची गोठ्याशी नेऊन ठेवायचा आणि हरण्या तात्यांच्या लुळ्या हाताला चाटत उभा राहायचा. त्याचं वय होत चाललं होतं, पण शर्यतीच्या एका शौकिनाला तो फार आवडला होता आणि विलासलाही चाऱ्या-पाण्याचं काम उरकत नव्हतं. तरी बापाला विचारल्याशिवाय विकण्यातला तो नव्हता. त्याने गिऱ्हाईकासमोरच विचारलं.

"तात्या, हरण्याला मागनं आलंय. माणूस चांगला हाय. द्याय—"

"दे की!" स्पीकर कडाडला. "बैल काय पूजेला ठेवायचा अस्तुय? भाव चांगला आला की दावं सोडायचं!"

हेच वाक्य तात्यांनी बाजारात उभ्या जन्मात हजारदा म्हटलं होतं. दुसऱ्यांच्या बैलांबद्दल.

हरण्याला टेम्पोत चढवला तेव्हा तात्यांच्या दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की झटक्यानंतर माणसाला उगीच रडू येतं. सुनेने डोळे पुसले. "वाईट वाटतंय का, मामंजी?" ती म्हणाली.

"वाईट? लई झ्याक सौदा झाला!" तात्यांचा आवाज म्हणाला.

त्यानंतर तात्या जेवेनासे झाले. घास तोंडातून बाहेर यायचा. विचारलं की आवाज म्हणायचा, "प्वाट भरलंय, बाय. वहिनीच्या हाताला चवच अशी हाय!" वहिनी? सुनेला ते कधी वहिनी म्हणत नसत. वहिनी म्हणायची ती रेश्मा. त्या दिवशी रेश्माने लॅपटॉप पुन्हा उघडला. तिने चाचण्या घेतल्या. आईचं माहेर, खिलाराची पारख, विलासची विहीर. सगळं बरोबर, सगळं झटपट, एक चूक नाही. चकती ठणठणीत होती. ती रात्रभर स्वतःला समजावत राहिली, की म्हातारं माणूस आहे, चुकतं एखादं नातं.

दस्तगीरभाई मुल्ला हे तात्यांचे बाजारातले जोडीदार. एक विकणाऱ्याचा दलाल, तर दुसरा घेणाऱ्याचा. नातवाकडे कर्नाटकात राहायला गेले होते, परत आल्या आल्या भेटायला आले. तात्यांच्या आवाजाने त्यांचं दणक्यात स्वागत केलं, त्यांच्या जुन्या सायकलीवरून टिंगलही केली. दस्तगीरभाई हसले. पण सराईत माणूस. त्यांची नजर तोंडावरून घसरून मांडीवरच्या हातावर गेली आणि तिथेच थांबली. ते हसायचे थांबले.

"रेश्मा, ह्यो हात असा कवापासनं करतुय?"

"झटक्यापासून. आपोआप होतं ते."

 खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी तात्यांच्या डाव्या हातावर टाकला आणि त्याखाली आपला हात घातला.

बैलबाजारात भाव असाच ठरतो. दोन दलाल हात मिळवतात, वर टॉवेल पडतो, आणि आत बोटं दाबून बोली चालते. चार माणसं भोवती उभी असतात, म्हणून तोंडाने काहीबाही बोलणं चालू ठेवायचं असतं. "ह्या भावात शेळी तरी येती का", "घरला जा, झोप काढ", असलं. ते सगळं बघ्यांसाठी. बोटं दाबली की आकडा, पंजा उघडला की मान्य, मूठ मिटली की सौदा मोडला. खरं-खोटं काय ते टॉवेलाखाली, आणि तिथे खोटं बोलणारा दलाल दुसऱ्या दिवशी बाजारात उभा राहू शकत नाही.

"हणमा," दस्तगीरभाई म्हणाले, "हरण्या इकलास म्हनं?"

"इकला की! लई भाव आला, दस्तगीर! तुज्या जन्मात एवढा—" आवाज रंगात आला होता.

दस्तगीरभाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पुन्हा विचारलं, या खेपेला हळू. "तू इकलास? तुज्या मनानं?"

"व्हय, व्हय! माज्या मनानं न्हाई तर काय तुज्या?"

दस्तगीरभाईंनी टॉवेलाखालून हात काढला. पाची बोटांवर पांढरे वळ उमटलेले होते. "पोरी," ते म्हणाले, "तुजा बाप हितं खाली हाय. वर कोन बोलतंय, ते तू बग."

रेश्माने स्वतः टॉवेलाखाली हात घातला. लहानपणी बाजारात बापाच्या खांद्यावर बसून तिने हा खेळ पाहिला होता, पण तो हात पहिल्यांदाच हातात घेतला होता. तिने विचारलं, "तात्या, बोलणारे तुम्ही आहात?" "मीच की! डोळं फुटलं का तुजं?" आवाज म्हणाला. मूठ मिटली. "जेवायला नको वाटतं कारण हरण्या गेला?" "छ्या! प्वाट भरलंय!" पंजा उघडला. "तुम्ही बोलायला जाता तेव्हा तुमचं बोलणं बाहेर येतच नाही?" स्पीकरने काहीतरी हसण्यासारखं केलं. पंजा उघडला, आणि उघडाच राहिला.

आपण काय करून बसलो हे तिला लख्ख कळलं. तिने सगळ्या चाचण्या माहितीतल्या प्रश्नांच्या घेतल्या होत्या, आणि माहितीतल्याच प्रश्नांची उत्तरं ताडता येतात. उत्तर आलं का, बरोबर आलं का, लवकर आलं का, एवढंच तिने पाहिलं. कोणाकडून आलं हे पाहायचं तिला सुचलंच नाही. चकती खरोखरच स्थिर होती. चूक न करता, कोलमडून न पडता, ती तात्यांच्या जागी तात्या होऊन बसली होती, आणि खरे तात्या मागून येऊन जे काही म्हणत होते ते प्रतिध्वनी म्हणून गाळलं जात होतं. आणि ते सगळे 'वाढव'? पहिला त्यांचा होता, दोन सेकंदांनी आलेला. त्यानंतरचा कुठला शेवटचा त्यांचा, ते आता कळायची सोय नव्हती.

तिने लॅपटॉप उघडला. मागची वाट बंद झाली होती. कंपनीने गेल्याच आठवड्यात ती बुजवली होती. एकच बटण उरलं होतं, 'कारखान्याची मूळ सेटिंग'. ते दाबण्याआधी रुग्णाचा होकार हवा.

"तात्या, वेग उतरव—"

"नको!" आवाज म्हणाला. "आता कुटं जरा बोलाय लागलोय!" टॉवेलाखाली पंजा सताड उघडा होता. पण कुलपाला पंजा दिसत नव्हता. त्याला आवाज ऐकू येत होता.

रेश्माने लॅपटॉप बाजूला सरकवला. मग तिने कानामागचं ओलं फडकं काढून बाजूला टाकलं. "वहिनी," ती म्हणाली, "शेकायची पिशवी आण. पाणी चांगलं कढत घे."

"अगं, भाजंल की त्यास्नी!"

"चकती तापली की आपणहून हळू होते. तेवढीच फट आहे."

दस्तगीरभाईंनी जुन्या दोस्ताला सगळं समजावून सांगितलं आणि टॉवेलाखाली विचारलं. पंजा उघडला. रेश्माने पिशवी कानामागे धरली. तात्यांचे डोळे मिटले गेले.

"उतरवू का, तात्या?"

"नको!"

ती धरून राहिली. कातडी लाल व्हायला लागली. "उतरवू का?"

"...नको."

विलास दारात येऊन उभा राहिला होता. काय चाललंय ते सुनेने त्याला कुजबुजत सांगितलं, तसा तो चौकट धरून खाली बसला. रेश्माने पिशवी हलवली नाही. "तात्या, उतरवू?"

"न..." आणि मग काहीच नाही. स्पीकर नुसता खरखरला. एक सेकंद गेलं. दोन गेली. तीन. त्या घराला आता असल्या शांततेची सवय राहिली नव्हती.

"उ... तर... व."

रेश्मा तोंडावर हात दाबून रडली. तिच्या बापाचा आवाज तोच होता, त्याच स्पीकरमधून आलेला, पण तो वेगळा आहे हे तिथल्या एकालाही सांगावं लागलं नाही. आणि ती बटणाकडे हात नेत असताना, तात्यांनी विलासकडे बघत, एकेक शब्द ओढून काढत विचारलं, "हरण्या... कुटं... हाय?"

"तात्या, तुमीच तर..." विलास म्हणाला.

कुलूप उघडलं. रेश्माने बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: 'मूळ सेटिंग लागू. आता अधिक वेगवान.' खाली आकडे होते. वेगाचा आणि दाबाचा, शेवटच्या अंकापर्यंत तिच्या ओळखीचे. तिनेच महिनाभर खपून काढलेले. कंपनीने ते नुसते वापरून बघितले नव्हते, सरसकट सगळ्यांसाठी कायम करून टाकले होते. मागे जायला आता जागाच उरली नव्हती. तिने जिथवर नेलं तीच आता सुरुवात होती.

पिशवी बाजूला घेतली तशी चकती निवली. "आता कसं मोकळं वाटतंय!" आवाज खणखणीत म्हणाला. "च्या टाका रं!"

दुसऱ्या दिवशी ती तात्यांना घेऊन मिरजेला गेली. डॉक्टर भले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कानामागचा भाजल्याचा डाग बघून मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग तात्यांकडे वळून त्यांनी मोठ्याने विचारलं, "आजोबा, मशीन हळू करून घ्यायचंय का?"

"नको वो डाक्टर! लई झ्याक चाललंय. पोरीला उगंच काळजी!"

"ऐकलंत?" डॉक्टर म्हणाले. "रुग्णाचा शब्द माझ्यासाठी अंतिम आहे. नाहीतर उद्या नातेवाईकच सगळं ठरवायला लागतील. हाताची मूठ मिटते म्हणता, ती झटक्यानंतरची सवयीची हालचाल असते. आणि खरं सांगू? नवी सेटिंग आल्यापासून एकाही रुग्णाची तक्रार नाही. एकाचीही नाही."

"कशी असेल, डॉक्टर?" रेश्मा म्हणाली. पण ते पुढचा कागद बघत होते.

बाहेर बाकांवर चकतीवाली माणसं आपापल्या नंबरची वाट बघत बसली होती. पूर्वी ती इथे आली होती तेव्हा या दालनात दवाखान्यासारखी शांतता असायची. आता नुसता कलकलाट होता. सगळे बोलत होते, हसत होते, सोबत आलेल्यांची थट्टा करत होते. सोबतचे कौतुकाने त्यांच्या तोंडाकडे बघत होते. रेश्माने तोंडांकडे बघायचं सोडून दिलं आणि खाली पाहिलं. कोणी नखाने बाक खरवडत होतं. कोणाची बोटं शर्टाचं टोक पिळत होती.

शेजारी एक गोरीपान म्हातारी बसली होती, नऊवारीत, नीटस. तिचा आवाज समोर उभ्या मुलाला लोणच्याची फोड कशी असावी ते सांगत होता. "हा माझा धाकटा," आवाज रेश्माला म्हणाला. "फार करतो हो माझं!" मुलगा लाजून हसला. म्हातारीचा हात पदर घट्ट धरून बसला होता.

दस्तगीरभाईंचा टॉवेल तात्यांच्या खांद्यावर होता. रेश्माने तात्यांकडे पाहिलं. त्यांनी डोळे एकदा मिटून उघडले. तिने तो टॉवेल काढला, म्हातारीच्या हातावर पसरला आणि आपली बोटं हलकेच त्या हातात दिली.

"आजी," ती म्हणाली, "हे बोलणं तुमचं आहे ना? तुमचं असेल तर काही करू नका. नसेल तर फक्त मूठ मिटा."

"अगं, माझं नाही तर कुणाचं? मी अगदी मजेत आहे बघ!" म्हातारीचा आवाज म्हणाला, आणि टॉवेलाखाली तिची मूठ रेश्माच्या बोटांवर मिटली. "आई, चल, आपला नंबर आला," म्हणत मुलाने तिला दंडाला धरून उभं केलं, तरीही ती मूठ सुटेना.